बरीराचं पहिलं मूल

बरीरा आमच्या गल्लीत नवरी म्हणून आली तेव्हा मी म्हटलं होतं, ह्या पोरीचं इथे काही खरं नाही. फार हसायची. हसण्यात वाईट काही नाही, पण हान्साईच्या घरात सून होऊन यायचं आणि वर दात दाखवत फिरायचं, हे कसं चालणार? हान्साई म्हणजे तिची सासू. अख्खी गल्ली तिला इन्ना म्हणते, म्हणजे आई. मी नुसती हान्साईच म्हणते, कारण आम्ही एका वयाच्या, आणि तिने माझं एक पातेलं नेलंय ते अजून परत आलेलं नाही.

मी तलातू. नाक्यावर चवळीची कोसई, म्हणजे भजी, तळते. नवरा कधीच गेला, वयही झालं, आता मला कोण पडद्यात बसवतंय? तरण्या बायका दिवसाउजेडी एकट्या उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्यांची भांडणं, निरोप, रडगाणी सगळी माझ्या कढईपाशी येतात. सगळे मला ग्वग्गो म्हणतात, म्हणजे आत्या. हान्साईच्या आणि माझ्या अंगणात एकच मातीची भिंत आहे, तीही खांद्याएवढी. तेव्हा बरीराबद्दल मी जे सांगते ते ऐकीव नाही.

ती एका लहान खेड्यातली, कातडी कमावणाऱ्याची मुलगी. नवरा लवाली ट्रकवर. महिन्यात थोडे दिवस घरी, तेही झोपलेला. बरीरा अंगणात बसून शेंगदाण्याचं तेल काढायची आणि उरलेल्या पेंडीच्या कड्या तळून पोरांच्या हाती विकायला पाठवायची. कुलीकुली. तिची कुलीकुली इतकी कुरकुरीत असायची की माझं गिऱ्हाईक तुटायला लागलं. मी एकदा भिंतीवरून तोंड सोडलं, "माझ्या पोटावर पाय देतेस काय गं?" तर ही हसतेय. वाडगा भरून कुलीकुली भिंतीवर ठेवली आणि म्हणाली, "ग्वग्गो, आधी खा, मग शिव्या दे. रिकाम्या पोटी तुला नीट जमत नाहीत." अशा बाईवर किती दिवस रागवणार?

मग तिला मुलगा झाला. पहिला.

आमच्यात पहिलं पोर आईचं नसतंच. दूध पाजायचं तेसुद्धा तोंड वळवून. त्याला नावाने हाक मारायची नाही, चारचौघांत त्याच्याकडे बघायचं नाही, धडपडलं तरी आपण उठायचं नाही, दुसरं कोणीतरी उचलतं. बापाचंही तेच. दूध तुटलं की पोर आजीच्या खोलीत. ही आमची लाज, आणि लाज सोडलेल्या बाईची गल्ली काय अवस्था करते ते मला विचारा, त्यात मीच पुढे असते. माझ्या थोरल्यालाही मी असाच वाढवला. आज तो तिकडे लांब कानो शहरात दुकान चालवतो, मला सणाला कापड पाठवतो, आणि भेटायला आला की आम्ही दोघं भिंतीकडे बघत गप्पा मारतो.

पोराचं नाव ठेवलं अय्यूबा, हान्साईच्या गेलेल्या नवऱ्याचं. म्हणजे हान्साईलाही ते नाव घेता येईना. सगळे त्याला बाबा म्हणायचे. बाबाच्या लेखी आई म्हणजे हान्साई. तिच्याच चटईवर झोपायचा, तिच्याच ताटलीत जेवायचा. बरीरा म्हणजे अंगणात तेल काढणारी, त्याच्याकडे ढुंकूनही न बघणारी एक बाई. पुढे बरीराला मुलगी झाली, मग आणखी एक मुलगा. त्यांना ती मांडीवर घ्यायची, त्यांच्या पोटावर फुर्रर्र करायची, आणि बाबा लांब उभा राहून ते बघायचा.

पण मला भिंतीवरून दिसायचं. ती बघायची त्याच्याकडे. डोळ्याच्या कोपऱ्यातून, मान न वळवता, सगळा दिवस. कुलीकुलीचे तुटके तुकडे चटईच्या ज्या कोपऱ्यावर तो येऊन बसायचा तिथे नेमके पडलेले असायचे. हान्साईच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. तेवढं कोणी बोलत नाही.

बाबा पाच वर्षांचा असेल तेव्हा. पावसाला अजून अवकाश होता, धुळीचे दिवस, उन्हाने भिंती तापून रात्रीसुद्धा हात लावू देत नव्हत्या. ह्याच दिवसांत आमच्याकडे संकराऊ येतो. डॉक्टर त्याला मेंदूज्वर म्हणतात. गावभर पसरला की पोरासोरांनाही ओळखू येतो. पण ज्या घरात पहिल्यांदा शिरतो त्या घराला तो ओळखू येत नाही. त्यांना वाटतं ताप आहे, आमच्याकडे ताप कोणाला येत नाही?

त्या सकाळी बाबाने बाजरीची पेज प्यायला वाडगा उचलून तोंडाशी नेला. एवढंच. पण रोज हे पोर वाडगा जमिनीवर ठेवून त्यात तोंड घालायचं, मांजरासारखं, आणि रोज हान्साईचा धपाटा खायचं. त्या दिवशी मान खाली गेलीच नाही. मग तो उठून भिंतीकडे तोंड करून बसला, डोळे गच्च मिटून. थोड्या वेळाने ओकला. हे सगळं एकटीने पाहिलं. बरीराने. आणि तिला ते ओळखू आलं, कारण माहेरी तिचा धाकटा भाऊ संकराऊने गेला होता. ती तेव्हा लहान होती, पण ती मान तिने पाहिली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना. कोणाला? कसं? ज्या पोराकडे आपण बघतच नाही, त्याची मान वाकत नाही हे आपल्याला कळलं कसं?

तरी तिने तोंड उघडलं. धान्य कांडता कांडता म्हणाली, "इन्ना, आज उजेड सोसवत नाहीये."

"तुला?"

"मला नाही."

"मग कोणाला? नाव घे ना. घे की नाव, थांबलीस का?"

हान्साईला नेमकं कळलं होतं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि सुरू झाली, "पोराकडे नजर जायला लागली वाटतं. आज उजेड बघितलास, उद्या मांडीवर घेऊन बसशील, परवा माझ्या देखत मुके घेशील. तुझ्या आईने तुला काही शिकवून पाठवलं होतं की कातड्याबरोबर तुझीही लाज काढून टाकली तिने?"

बरीराने मुसळ उचललं. कांडत राहिली. हे तिने मला नंतर सांगितलं, कितीतरी नंतर, आणि सांगताना जणू अजून मुसळ हातात आहे असे तिचे हात वरखाली होत होते.

हान्साई वाईट नव्हती. तिच्यावर मी आजवर कमी तोंडसुख घेतलेलं नाही, पण हे खोटं बोलणार नाही. त्या पोरावर तिचा जीव होता. तिने त्याला मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मौलवीकडून पाटीवर आयत लिहून घेतली, ती धुऊन ते पाणी पाजलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं. दुपारपर्यंत ताप उतरेना तेव्हा त्याला पाठीशी बांधून सरकारी दवाखान्यात निघाली. लवाली गावात नव्हता. हान्साईने बरीराला बरोबर घेतलं, ओढणीत नीट गुंडाळून, पाण्याची बाटली धरायला.

दवाखान्यात ही झुंबड. आतल्या माणसाने बाबाचं बोट टोचलं, पट्टीवर मलेरिया निघाला. आमच्याकडे कोणाचंही बोट टोचा, मलेरिया निघतोच, माझा आत्ता निघेल. त्याने विचारलं, "ताप कधीपासून?"

"आज सकाळी आला," हान्साई म्हणाली. ताप आदल्या संध्याकाळचा होता. पण आदल्या संध्याकाळचा म्हटलं की तो विचारणार, मग आत्ता आणलंत होय?

"उलट्या?"

"एक. तीही पेज नीट नव्हती म्हणून."

"मान आखडली आहे का?"

"झोपलंय हो पोर. मान कुठली आखडतेय."

तो माणूस थांबला म्हणे जरासा. त्याने विचारलं, "ह्याची आई कुठाय? आईला विचारतो."

हान्साई म्हणाली, "मीच आई."

खोटं नाही बोलली ती. आमच्याकडे असंच म्हणतात. बरीरा हातभर अंतरावर उभी होती, बाटली छातीशी धरून. तिने भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघितलं. तिला वाटलं, आता हा मान वाकवून बघेल. बघितलं की सगळं कळेल, मला बोलावं लागणार नाही. त्याने हात पुढे केलाही होता. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईने आपलं पोर टेबलावर आणून टाकलं, ते निळं पडत होतं. तो तिकडे वळला. बाबाला मलेरियाचं इंजेक्शन आणि तापाचं औषध मिळालं.

परत येताना हान्साई पुढे, बरीरा मागे. पाठीवर बांधलेलं झोपलेलं पोर कसं दिसतं तुम्हाला माहीत आहे, पावलागणिक त्याचं डोकं डुलतं, इकडे पडतं, तिकडे पडतं. बाबाचं डोकं डुलत नव्हतं. ताठ. बरीरा सगळी वाट ती मान बघत चालली. मला म्हणाली, "ग्वग्गो, मला वाटत होतं, कोणीतरी वाटेत भेटेल आणि म्हणेल की हे पोर असं का दिसतंय. कोणीही." सगळे भेटले, सलाम करून गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्याला झटका आला. दात लागले, डोळे वर गेले, पाठ कमानीसारखी वाकली. हान्साई ओरडायला लागली, "भूत आहे, कांदा आणा, कांदा आणा." आणि मी कढईत चमचाभर पीठ सोडतेय तोच बरीरा रस्त्यावर आली. भर दिवसा. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही, आणि दोन्ही हातांवर आपलं पहिलं पोर. नाक्यावरचे पुरुष उठून उभे राहिले. मी आयुष्यात असं पाहिलं नव्हतं.

"ग्वग्गो, संकराऊ," एवढंच म्हणाली.

मी तेल तसंच चुलीवर सोडलं आणि एका मोटारसायकलवाल्याची कॉलर धरली. आम्ही दोघी आणि मध्ये ते पोर, शहरातल्या मोठ्या इस्पितळात. हान्साई मागून दुसऱ्या गाडीवर आली. तिच्या हातात बरीराची ओढणी होती. आल्या आल्या तिने ती बरीराच्या डोक्यावर घातली, मग पोराकडे बघितलं.

तिथला डॉक्टर तरणा होता, झोप न झालेला. त्याने बाबाच्या डोक्याखाली हात घालून मान वाकवायला बघितली तर मान वाकेना, पोर फळीसारखं अख्खं वर उठलं आणि गुडघे पोटाशी आले. त्याने लगेच सुई मागवली. म्हणाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून बघायचं आहे, हे डोक्यातलं दुखणं आहे.

हान्साई मध्ये आडवी झाली. "पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं. आमच्या शेजारचं पडलंय. मी हात लावू देणार नाही."

"काढा," बरीरा म्हणाली.

डॉक्टरने दोघींकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी आई."

सासूसमोर, परक्या पुरुषासमोर, भरल्या वॉर्डात. हान्साईने ओढणीने तोंड झाकलं आणि बाहेर जाऊन बसली. मला तेव्हा बरीराचा अभिमान वाटला असं सांगायला आवडेल मला. नाही वाटला. मला तिची लाज वाटली आणि मी इकडे तिकडे बघितलं, ओळखीचं कोणी नाही ना.

ते पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ यायला हवं असतं. ते आलं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. डॉक्टर तपासणीची वाट बघत बसला नाही, तिथल्या तिथे शिरेतून औषध सुरू केलं. तापाचं वेगळं, झटक्याचं वेगळं. आम्ही व्हरांड्यात चटई टाकली. दोनचार दिवसांत आमच्या चटईशेजारी दुसरी चटई आली, मग तिसरी, मग व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. आता कोणालाही विचारावं लागत नव्हतं. आया दारातूनच ओरडत यायच्या, मान वाकत नाही, मान वाकत नाही. गावात लसवाले आले, शाळेत रांगा लागल्या. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना टोचलं.

बाबा वाचला. शेजारच्या चटयांवरची सगळी नाही वाचली, त्यामुळे आम्हाला मोठ्याने आनंदही करता येईना. डॉक्टर म्हणाला, "एक दिवस आधी हे औषध सुरू झालं असतं तर बरं झालं असतं. कदाचित. काही वेळा वेळेवर आणूनही मागे काहीतरी राहतंच." हे डॉक्टर कदाचित म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. बरीरा ते कदाचित घेऊन घरी आली, आणि अजून तिच्या घरात आहे ते.

मागे काय राहिलं ते मला माझ्या कढईपाशी कळलं. बाबा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालायचा, भिंत धरून माझ्यापर्यंत यायचा. पूर्वी माझ्या तेलात पहिलं पीठ पडलं की आवाजासरशी हा धावत यायचा, अर्ध्या गल्लीतून. त्या दिवशी तो माझ्या शेजारीच उभा होता, रस्त्याकडे तोंड करून. मी पीठ सोडलं. तेल चरचरलं. त्याने वळून बघितलं नाही. मी दुसरं सोडलं. मी म्हटलं, बाबा. मग मी जीव खाऊन ओरडले, समोरचा न्हावी दुकानातून बाहेर आला. बाबा रस्त्यावरच्या बकऱ्या बघत उभा होता.

मी बरीराला सांगायला गेले. ती म्हणाली, "मला माहीत आहे, ग्वग्गो." तिला व्हरांड्यातच कळलं होतं.

हान्साईला मान्यच होईना. तिला वाटायचं, आजारपणात लाड झाले म्हणून पोर माजलंय. हाका मारायची, मग धपाटे घालायची, मग त्याला पोटाशी धरून स्वतःच हंबरडा फोडायची. डॉक्टरने सांगितलं, कानाच्या आतलं जे काही असतं ते गेलं, त्यावर औषध नाही. मुक्याबहिऱ्यांची शाळा कानोला, आणि लवाली म्हणाला, बघू. तो अजून बघतोय. मग हळूहळू बाबाचे शब्दही गळायला लागले. आधी कोसई म्हणायचा, मग नुसतं को, मग हात पुढे करायचा.

वर्ष झालं असेल. हान्साईने एके दिवशी त्याची चटई गुंडाळली आणि अंगण ओलांडून बरीराच्या दारात नेऊन टाकली. मी भिंतीपाशीच होते.

"तुझंच ना पोर?" ती म्हणाली. "भरल्या इस्पितळात म्हणालीस ना, मी आई? घे मग. सांभाळ."

"इन्ना, असं नका करू. त्याला कळणार नाही."

"त्याला आता काय कळतंय?"

मला विचाराल तर हान्साईला त्याच्याकडे बघवत नव्हतं. रात्री तो तिच्या कुशीत झोपायचा आणि तिला तो दवाखाना आठवायचा, एवढंच कारण. पण ती हे मेली तरी कबूल करणार नाही.

आणि बरीरा? तिने खोली झाडली, नवी चटई आणली, बाबाला न्हाऊ घातलं. ती हसत होती, कितीतरी दिवसांनी. आता तिला कोणी काही म्हणत नाही. बहिऱ्या पोराला आईने मांडीवर घेतलं तर कोणाची लाज जाते? ती त्याला अय्यूबा म्हणते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. माझा अय्यूबा, इकडे ये, हे खा. मला भिंतीपलीकडून ऐकवत नाही ते, मी चुलीत लाकूड घालायचं निमित्त करून उठते.

कारण बाबाला कुठे काय माहीत आहे? त्याला एवढंच माहीत आहे, की त्याच्या आईने त्याला चटईसकट घराबाहेर काढलं, आणि जी बाई कधी त्याच्याकडे बघत नव्हती तिने त्याला धरून ठेवलंय. तिची दुसरी दोन पोरं तिला आई म्हणतात, ते त्याला ऐकू येत नाही. ऐकू येणाऱ्या पोराला समजावून सांगता येतं, बाळा, मी तुझी आई, आमच्यात अशी रीत होती, मी बघत नव्हते पण बघत होते. त्याला ते कोणत्या शब्दांत सांगायचं? ती खुणा करते. छातीवर हात ठेवते, मग त्याच्या छातीवर ठेवायला जाते. तो चावतो. तिच्या मनगटावर सगळे वण आहेत.

एकदा अंधार पडल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली, म्हणाली, "ग्वग्गो, तू सगळ्यांची भांडणं सोडवतेस. त्याला मी कोण ते कसं सांगू, एवढं सांग."

मी गल्लीतल्या प्रत्येकाला काहीतरी उत्तर देते, मागितलं नाही तरी देते. तिला मी नुसती कोसई बांधून दिली.

रोज संध्याकाळ झाली की बाबा आपली चटई काखेत मारतो आणि हान्साईच्या दाराशी जातो. तळहाताने दार बडवतो. आत हान्साई रडत असते, मला भिंतीतून ऐकू येतं, पण ती कडी काढत नाही. बरीरा त्याच्या मागे थोड्या अंतरावर जमिनीवर बसून राहते. हात लावला तर तो किंचाळतो, म्हणून ती लावत नाही. बडवून बडवून तो दमतो, तिथेच उंबऱ्यावर आडवा होतो. त्याला गाढ झोप लागली की मग ती उठते, आणि आपल्या मुलाला उचलून आत नेते.